हबवरचं कुंकू

मी रागीट आहे आणि माझा राग लवकर उतरत नाही, हे आधीच सांगून ठेवते. बा म्हणायचा, या पोरीच्या नाकावर माशी बसत नाही, अन् बसलीच तर ती जिवंत जात नाही. त्याच बानं मरायच्या आधी आपली जीप माझ्या नावावर केली. दोन भाऊ तिच्यावर डोळा ठेवून बसले होते. पण गिअर न खरडता ती चालवणारी घरात मी एकटीच होते, म्हणून मला मिळाली.

चिचगडच्या जंगलातून तेंदूपानांची पोती वाहता वाहता ती जीप म्हातारी झाली होती. जुन्या जीपचं एक असतं. फोर-व्हीलची दांडी ओढली म्हणजे चारी चाकं जोर लावतात असं नाही. पुढच्या प्रत्येक चाकाच्या मधोमध एक गोल चकती असते, तिला हब म्हणतात. खाली उतरून ती हातानं 'लॉक'वर फिरवावी लागते. ती 'फ्री'वर राहिली तर दांडी कितीही ओढा, जोर मागच्या दोन चाकांनाच जातो. बानं मला क्लच शिकवायच्या आधी हब शिकवला होता.

गोंदियातल्या आठ-दहा जणांचा आमचा एक गट आहे. धान घरात आलं, थंडी पडली की दोन दिवस दरेकसाच्या बाजूला गाड्या घेऊन जायचं, तलावाच्या काठी तंबू ठोकायचे, चुलीवर रस्सा शिजवायचा आणि सकाळी बैलगाडीच्या जुन्या वाटेनं घाट चढायचा. बाई मी एकटीच. नवरा यायचा नाही, त्याची कंबर धरते. आमचे डोंगर म्हणजे काही हिमालय नाही, पण मुरमाच्या चढावर सैल गोटे असले की छातीत धडधडायला फार उंची लागत नाही.

या गटाचा एक म्होरक्या आहे, माझ्या नवऱ्याचा जुना दोस्त. नवीकोरी गाडी, बटण दाबलं की फोर-व्हील. निघायच्या आधी पूजा करायचा मान त्याचा. नारळ फोडायचा, प्रत्येक गाडीच्या चारी चाकांना कुंकू लावायचं, पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवायचं. त्याची पूजा झाल्यावर चाकाला कोणी हात लावत नाही, तो अपशकुन. अन् नेमकं हेच माझ्या अंगाशी आलं.

दोन हिवाळ्यांमागची गोष्ट. सकाळी चहा झाल्यावर मी माझ्या हातानं दोन्ही हब लॉक केले. मग पूजा झाली, निघालो. घाटाआधीचा नाला त्या वर्षी ठणठणीत कोरडा होता, सहज पार झाला. घाटाच्या मधल्या वळणावर मात्र मागची चाकं गोट्यांवर फिरायला लागली आणि पुढची नुसतीच सोबतीला. जीप मागं घसरली. ब्रेक दाबून ठेवला तरी घसरत राहिली. डाव्या बाजूला दरी. काठावर एक काळा दगड होता, त्याला मागचं चाक अडकलं म्हणून मी आज हे लिहून राहिले.

वर उभं राहून म्होरक्या मोबाईलवर शूटिंग घेत होता. ओरडून म्हणाला, भाभी, फोर-व्हील में डालना भूल गई क्या? सगळे हसले. मी खाली उतरून हब पाहिले. दोन्ही फ्रीवर. आणि दोन्ही चकत्यांवर कुंकवाच्या बोटांचे ठसे, टिळा लावल्यासारखे नव्हे, फिरवल्यासारखे फासलेले. तेव्हाच मला कळलं. पण बोलले असते तर सगळे म्हणाले असते, बाई विसरली अन् आता दुसऱ्यावर ढकलून राहिली. मी दात-ओठ खाऊन गप्प बसले. ते कुंकू मात्र वर्षभर पुसलं नाही.

मी घरी पोहोचायच्या आधी व्हिडिओ घरी पोहोचला होता. नवरा रागावला नाही. त्यानं मला पाणी दिलं, जवळ बसला अन् म्हणाला, "तुह्या जिवापेक्षा जीप मोठी हाय का? इकून टाकू." मला रडू आलं. वाटलं, माणसाला आपली काळजी आहे. देवरीचा एक गिऱ्हाईक दोनदा येऊन जीप पाहून गेला. कागद माझ्या नावावर, त्यामुळे सही माझीच लागणार होती. मी आज-उद्या करत राहिले. शेवटी म्हटलं, एक डाव घाट चढून येते, मग सही करते. जीप जाणार हे मी मनातून धरूनच चालले होते. पण त्या म्होरक्याला धुळीत लोळवल्याशिवाय द्यायची नव्हती.

गेल्या हिवाळ्यात पुन्हा सगळे निघालो. या खेपेला पूजा झाल्यावर मी सगळ्यांसमोर खाली वाकून दोन्ही हब तपासले. म्होरक्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. पडू दे म्हटलं.

पाऊस त्या वर्षी लांबला होता, नाल्यात गाळ होता. वरून हिरवंगार गवत, खाली गुडघाभर रेंदा. बानं मला शिकवलं होतं, थंडीत जिथं गवत फार हिरवं तिथं चाक घालायचं नाही, वरच्या अंगाला सपाट दगडांचा उतार आहे तिथून काढायची. म्होरक्याला हे माहीत नव्हतं, मला होतं. मी तोंड उघडलं नाही. पाप लागलं असेल तर लागो. तो ऐटीत पुढं गेला आणि नाल्याच्या मधोमध त्याची नवीकोरी गाडी पोटावर बसली. बटण दाबदाबून दमला. जितकं ॲक्सिलरेटर दाबे तितकी गाडी खाली जाई.

मी दगडांवरून आरामात पलीकडे गेले. टोचन लावून ओढायला पलीकडे गाडी हवी, अन् पलीकडे एकटी मीच होते. दोर काढला, जीपच्या हुकाला अडकवला, दुसरं टोक हातात धरून काठावर उभी राहिले. मागच्यांनी मोबाईल वर केलेच होते. मी म्हटलं, नीट घ्या, आवाजही येऊ द्या. मग त्याला विचारलं, "माह्या हबले हात कोणी लावला होता?"

तो आधी हसला. मग मी दोर गुंडाळायला घेतला. गाळाचं पाणी त्याच्या दारातून आत शिरायला लागलं होतं. दोर अर्धा गुंडाळून झाल्यावर तो बोलला.

"भाभी, मेरा क्या लेना-देना था? भाऊनंच सांगतलं मले. बोले, एक बार फँसने दो, अपने आप छोड देगी."

भाऊ म्हणजे माझा नवरा. पानठेल्यावर लोक त्याला चिडवायचे, बायको जीप हाकते अन् नवरा घरी भाकर थापते, हे मला ठाऊक होतं. पण तो हसण्यावारी नेतो असं मी समजत होते. आणि त्या दिवशी त्यानं दिलेलं पाणी मी केवढ्या मायेनं प्याले होते.

म्होरक्याला मी ओढून काढलं. माझा राग त्याच्यावरून उठून दुसरीकडे जाऊन बसला होता.

याही खेपेला व्हिडिओ माझ्या आधी घरी पोहोचला. नवरा ओसरीत मोबाईल पालथा घालून बसला होता. मी भांडले नाही. जेवले, झोपले. सकाळी उठून कुंकवाची डबी घेतली अन् म्हटलं, चला. कंबर दुखते म्हणाला. मी म्हटलं, बसायचंच तर आहे.

नाला दगडांवरून ओलांडला. घाटाच्या पायथ्याशी मी जीप उभी केली आणि डबी त्याच्या हातात दिली. म्हटलं, कुंकू लावा अन् हब लॉक करा, तुमच्याच हातानं. त्यानं आयुष्यात कधी हब फिरवला नव्हता. कमरेवर हात ठेवून खाली वाकला, दोन्ही चकत्या फिरवल्या, येऊन माझ्या शेजारी बसला. दरीच्या बाजूला.

मधल्या वळणावर, त्या काळ्या दगडापाशी, ऐन चढावर मी जीप थांबवली. म्हटलं, खाली बघा, मागचं चाक याच दगडाले अडकलं होतं. त्यानं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग समोरची आधाराची दांडी दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"मले वाटलं, नाल्यातच फसशीन," तो म्हणाला. "इथवर येशीन असं नव्हतं वाटलं."

मी विचारलं, "हब नीट लावले ना?"

"लावले. मले वाटते, लावले."

"वाटते चालत नाही. उतरून पाहा."

तो उतरला. गोट्यांवरून पाय घसरत होते, चाकाला धरून धरून पुढं गेला, पाहून आला. मी म्हटलं, दुसऱ्या बाजूचा? पुन्हा गेला. मी म्हटलं, पक्कं? तो तिसऱ्यांदा उतरला. परत आला तेव्हा त्याच्या बोटांना कुंकू होतं अन् थंडीतही शर्ट पाठीला चिकटला होता. मग मी क्लच सोडला. जीप एकदाही न घसरता वर गेली.

देवरीच्या गिऱ्हाइकाला मी दारातूनच परत पाठवलं. आता गटाबरोबर जाते तेव्हा नवरा शेजारी असतो. येणार नाही म्हणायची त्याची सोय राहिली नाही. नाला आला, चढ आला की तोच उतरतो, हब लॉक करतो, दोनदा तपासतो. त्याची कंबर खरंच दुखते, मला माहीत आहे. गेल्या महिन्यात त्यानं विचारलं, आणखी किती दिवस? मी म्हटलं, जीप चालते तवर. अन् बाची जीप मी फार जपून वापरते.