वरच्या वाडीचे चिंचोके

माझ्या बायकोला हे कधी कळलं नाही. सगळा संसार केला तिनं माझ्याशी, आणि हे न कळताच गेली. मुलांना ठाऊक नाही. देवापुढं हात जोडून उभा राहिलो तेव्हाही हे मनात घोळायचं, पण ओठांपर्यंत आणलं नाही. आज तुम्हाला सांगतोय. तुम्हालाच का? नीट सांगता येणार नाही. तुम्ही त्यातल्या कुणाला ओळखत नाही, कदाचित एवढंच.

धारूरच्या बाजारात शिवलिंगआप्पांचं धान्याचं दुकान होतं. निजामाच्या राज्यातले ते दिवस. आप्पा लिंगायत, शांत माणूस. गळ्यातल्या लिंगाला हात लावल्याशिवाय तराजू उचलायचे नाहीत. मी त्यांच्याकडं तरणाबांड असताना लागलो आणि थोड्याच दिवसांत माल पारखण्यात हुशार म्हणून नावाजला गेलो. त्यात काही जादू नव्हती. पोत्याच्या तोंडाशी विकणारा चांगलीच ज्वारी ठेवतो, हे मला कळलं होतं. म्हणून मी लोखंडाची पोकळ सळई घेऊन ती वरून, मधून, बुडातून, दोन्ही कडांनी खुपसायचो. मूठभर दाणे निघायचे, पण त्या मुठीत सगळं पोतं असायचं. नुसत्या वरच्या दाण्यांवर विसंबलो, तर ओंजळीच्या ओंजळी पाहूनही फसायचोच — किती पाहिलं यापेक्षा कुठून पाहिलं, हेच खरं.

हे मला कळत होतं. हे मुद्दाम सांगतो. पुढं जे केलं ते अजाणतेपणी केलं, असं तुम्हाला वाटायला नको.

एका वर्षी परतीचा पाऊस अर्धवट झाला. खाली नदीकाठच्या काळ्या रानात ज्वारी बऱ्यापैकी आली; वर बालाघाटाच्या मुरमाड वाड्यांवर काय झालं, कुणाला धड माहीत नव्हतं. आप्पांना काळजी पडली. उन्हाळा संपेपर्यंत आपल्या गिऱ्हाइकांना किती ज्वारी विकत घ्यावी लागेल? कमी भरली तर लोक उपाशी, जास्त भरली तर किडे खाणार. आणि भरायची ती शिमग्याच्या सुमाराला, मोंढ्यात, धान्याच्या मोठ्या बाजारात, माल असतो तेव्हाच.

मी म्हणालो, "आप्पा, गावोगाव जाऊन विचारू. घरटी विचारायची गरज न्हाई. पोत्यासारखं करू."

आप्पांना ते पटलं. मी सगळं ठरवलं. गाव मोठं तर जास्त घरं, लहान तर कमी. गल्लीच्या टोकापासून सुरुवात, चार घरं सोडून पाचवं — मग ते कुणाचंही असो. दार बंद असेल तर शेजारच्याला विचारून भागवायचं नाही, पुन्हा यायचं. "धान्य हाय का?" असं विचारायचं नाही, त्यावर माणूस अब्रूसाठी हो म्हणतो, "कधीपर्यंत पुरंल?" असं विचारायचं, तेही घरच्या बाईला. आणि खालची गावं जेवढी, त्या मानानं वरच्या वाड्याही घ्यायच्या. कमरेला दोन पिशव्या बांधल्या. पावसाळ्यापर्यंत ज्यांना पुरेल त्यांच्यासाठी पांढऱ्या पिशवीत एक चिंचोका, ज्यांना पुरणार नाही त्यांच्यासाठी लाल पिशवीत एक. किती साधं होतं, नाही?

खालची गावं झाली. लोक ओळखीचे, गूळ-पाणी द्यायचे. पांढरी पिशवी जड होत गेली.

मग घाट चढून वरच्या वाडीत गेलो. दुपारची वेळ. पहिल्याच दारात मी "कणगीतलं कधीपर्यंत पुरंल?" असं विचारलं आणि आतल्या बाईनं दार लोटून घेतलं. मागं पाहतो तर पाच-सहा माणसं उभी. एकाच्या हातात कुऱ्हाड होती; उगारलेली नव्हती, नुसती हातात होती. पण मला दुसरं काही दिसेना.

"कुनाचा मानूस बे तू?" तो म्हणाला. "चावडीवरून आलास? आमच्या कनग्या कावून मोजतो?"

मी काहीतरी बोललो असेन. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. त्यानं माझ्या गळ्यातलं उपरणं धरून पीळ दिला. त्यांना वाटलं होतं, मी सरकारचा माणूस, आज मोजणार आणि उद्या शिपाई घेऊन येणार. त्यांचं काय चुकलं? पण मला तेव्हा एवढंच कळत होतं की श्वास अडकलाय आणि धोतर ओलं झालंय. हो, झालं होतं. तेही आज पहिल्यांदाच सांगतोय.

तेवढ्यात एक बाई पुढं आली. कडेवर लहान मुलगी. कोंडाबाई तिचं नाव, ते मागून कळलं.

"सोडा त्याला," ती म्हणाली. "आप्पाच्या दुकानातला हाय. म्या पाहिलंय बाजारात."

पीळ सुटला. तिनं मला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं. माझ्या धोतराकडं तिचं लक्ष गेलं असणार; तिनं तोंड वळवलं आणि बाकीच्यांनाही पांगवलं. मग म्हणाली, "कनगी बघायची ना? ये, बघ."

मी आत गेलो. कणगीत हात घातला. कोपरापर्यंत गेला, खांद्यापर्यंत गेला, आणि बोटांना तळाची शेणमाती लागली. कडेला थोडे दाणे होते. कोपऱ्यात एक म्हातारा, तिचा सासरा, भिंतीला टेकून माझ्याकडं पाहत होता.

"शिमग्यालाच ही गत हाय," ती म्हणाली. "आप्पाला सांग भाऊ, आमच्यासाठी जवारी ठिव म्हनावं. फुकट न्हाई मागत. तूप हाय, डिंक हाय, त्यावर घिऊ. पर ठिव म्हनावं."

तिनंच मला बाकीची घरं दाखवली. सगळीकडं तेच. मी लाल पिशवीत चिंचोके टाकत गेलो. निघताना तो कुऱ्हाडवाला जवळ आला, जरा ओशाळून म्हणाला, "पुढच्या वाड्यांवर लोक असंच करत्याल. म्या येतो संगं, चल."

मी म्हणालो, उद्या येतो.

गेलो नाही. तुम्ही विचाराल, सोबत मिळत होती, मग भीती कशाची? मीही स्वतःला विचारलं. त्याचा हात पुन्हा मानेवर येईल असं वाटत होतं — तो मदतीलाच येत होता, तरी. आणि पुढच्या वाडीत पुन्हा तसंच झालं असतं, पुन्हा कुणी बाईनं तोंड वळवलं असतं. ते मला सोसवलं नसतं.

घाट उतरताना डोकं चालायला लागलं. एवढे लाल चिंचोके दिसले तर आप्पा विचारणार, कुठल्या वाडीचे, आणि बाकीच्या वाड्या? मग सांगावं लागणार की घाबरून पळालो. त्यापेक्षा वर गेलोच नाही असं सांगावं? तेही नको, पोत्याच्या बुडापर्यंत जायचं म्हणून मीच तर बढाई मारली होती. एका वळणावर थांबलो. लाल पिशवीचं तोंड सोडलं आणि वरच्या वाडीचे चिंचोके उतारावर ओतून टाकले. ते खडखडत गेले. मग सगळं शांत.

त्यानंतर जे केलं ते मला जास्त लाजिरवाणं वाटतं, कारण ते शांत डोक्यानं केलं. खालच्याच गावांत पुन्हा फिरलो. रस्त्याकडची, ओट्यावर माणसं बसलेली घरं विचारत सुटलो. सुटलेल्या वाड्यांची भरपाई केली म्हणा ना. आकडा एवढा मोठा झाला की कुणाला शंका यायचं कारण उरलं नाही. आप्पांपुढं पिशव्या ठेवल्या. ते खूश झाले. "एवढी घरं विचारलीस? वाड्यांवर बी गेलतास?"

"गेलतो," मी म्हणालो.

त्यांनी ज्वारी बेतानंच भरली. उरलेल्या पैशाची करडई घेतली.

मृग कोरडा गेला, आषाढ लागला तरी आभाळ मोकळंच. मोंढ्यात ज्वारी दिसेनाशी झाली. आणि मग घाटावरून माणसं उतरायला लागली, डोक्यावर तुपाची मडकी, डिंकाची गाठोडी घेऊन. आप्पा चक्रावले. "हे लोक आले कुठून?" असं ते पुन्हा पुन्हा म्हणायचे, आणि मी तराजूवर खाली मान घालायचो. दुकानात राहिलेला माल ते पायली-पायली करून वाटत होते. कुणालाच रिकामं पाठवायचं नाही, असा त्यांचा हट्ट होता.

एक दिवस ती आली. कोंडाबाई. कडेवरची मुलगी हडकली होती, मान तिच्या खांद्यावर टाकलेली. मी ओळखलं आणि पाठ केली. पण तिनं मला आधीच पाहिलं होतं.

"आप्पा," ती म्हणाली, "आमी शिमग्यालाच निरोप दिलता. ह्यो भाऊ आलता ना आमच्याकडं. कनगीत हात घालून बघितलं ह्यानं. इचारा की त्याला."

आप्पा माझ्याकडं वळले. रागानं नाही, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"माणिक, हिच्या वाडीत गेलतास ना तू? काय म्हनाले व्हते हे लोक?"

इथपर्यंतचं सगळं मी भीतीच्या नावावर टाकू शकतो. पण आता मानेवर कुणाचा हात नव्हता. समोर एक उपाशी बाई होती आणि मला चांगलं मानणारा एक म्हातारा. एक शब्द बोलायचा होता.

मी म्हणालो, "गेलतो, आप्पा. कनग्या भरलेल्या व्हत्या. दसऱ्यापर्यंत पुरंल म्हनाले."

मला वाटलं होतं ओरडेल, शिव्या देईल, बोडक्यावर मडकं फोडेल. ती नुसती पाहत राहिली, जसं एखाद्यानं भलत्याच भाषेत काही सांगावं आणि आपण अर्थ लावत राहावं. मग तिला अर्थ लागला. तेही मी पाहिलं.

आप्पांचा चेहरा कठीण झाला. खोटं बोलणारा त्यांना सहन व्हायचा नाही. "घरात साठा ठिवून दुसऱ्याच्या तोंडचा घास न्यायला येता?" ते म्हणाले. "जा." आणि त्या दिवशी दुकानातून रिकामं गेलेलं माणूस म्हणजे ती एकटीच. मागच्या माणसाला मी पायलीभर ज्वारी मोजून दिली.

पाऊस पडून गेल्यावर, पिकं उभी राहिल्यावर मी एकदा वर गेलो. का गेलो? माहीत नाही. तिच्या दाराला बाहेरून कडी होती. कुऱ्हाडवाला भेटला. त्यानं मला ओळखलं, पण काही बोलायची ताकदच त्याच्यात राहिली नसावी. विचारलं तेवढंच सांगितलं. सासरा आधी गेला. मग पोरगी. कोंडाबाई इंग्रजी हद्दीत, दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली, परत आली नाही. मी त्याला म्हणालो नाही की हे माझ्यामुळं झालं. तो म्हणाला, "पानी पितोस का?" मी नको म्हणून उतरलो.

आप्पांनी त्याच वर्षी मला मुनीम केलं. पुढं माझं लग्न त्यांनीच लावून दिलं. दरवर्षी शिमग्याला मी गावं विचारायला माणसं पाठवू लागलो, वाड्यांवरही, आणि अगदी ठरल्याप्रमाणं. तालुक्यात लोक म्हणायचे, आप्पांच्या दुकानाचा अंदाज चुकत नाही. हे सांगून मी काही फेडतोय असं समजू नका. त्यातून काही फिटत नाही.

कारण एक गोष्ट मी होऊ दिली, आणि ती तशीच चालू राहिली. आप्पांच्या मनात बसलं की वरचे लोक खोटं बोलतात. ते त्यांनी मुलाला सांगितलं, मुलानं त्याच्या मुलाला. वाडीवरचं माणूस दुकानात आलं, घरातलं धान्य संपलंय म्हणालं, की त्याला बाजूला बसवायचं आणि खालच्या गावातलं कुणी आलं की त्याला विचारायचं — ह्यो खरं बोलतोय का रं? माझे केस पांढरे झाले तरी ते चालूच होतं. माणसं मुकाट बसून राहायची. मी तिथंच, त्यांच्या शेजारी, गादीवर बसलेलो असायचो.