मधे कोणीच नव्हतं असा डोंगर

साल २००४. मी सहासष्ट वर्षांचा. नाशिकरोडच्या आमच्या दोन खोल्यांसमोर जीप उभी होती. आत माझी बॅग, आणि बॅगेवर हात ठेवून बसलेला धाकटा भाऊ काशिनाथ. तो मला मुंबईच्या विमानतळावर सोडायला वाडीवरून आला होता. मी कुलूप लावलं, ओढून पाहिलं, पुन्हा ओढून पाहिलं. शेजारपाजारची माणसं रस्त्यावर आलेली. तेवढ्यात काशिनाथ जीपमधूनच ओरडला, "दादा, तिकडं तुझं नि सोमाचं बोलणं कोण पोचवणार रं? मलाबी घे बरोबर!"

सगळे हसले. मी हसलो नाही. कसारा घाट येईपर्यंत काशिनाथशी एक शब्द बोललो नाही.

सोमा म्हणजे सोमनाथ, माझा एकुलता मुलगा. त्याचं माझं बोलणं आठ वर्षं बंद होतं. आता बंद म्हणजे अगदीच बंद नव्हे. मधे एक माणूस लागायचं, एवढंच.

जे वाडीत राहिले त्यांना हे सगळं ठाऊक आहे, आणि त्यांनी त्यावर पोटभर हसूनही घेतलं आहे. जे माझ्यासारखे बाहेर पडले, कोणी नाशकात, कोणी त्याच्याही पुढं, त्यांना पुढचा भाग ठाऊक नाही. म्हणून लिहितो.

आमची वाडी त्र्यंबकच्या पलीकडं, डोंगरात. वर नागली, खाली खाचरात भात. मी चौथी शिकलो आणि अठ्ठाविसाव्या वर्षी वाडी सोडली. वाडीतून उतरायचं तर एक खिंड लागते. खिंडीत शेंदूर लावलेला दगड आहे. जाणाऱ्याने वाटेवरची एक हिरवी डहाळी मोडायची, त्या दगडावर ठेवायची आणि मग पुढं पाऊल टाकायचं. म्हणजे खिंडीचा देव माणसाला फिरून माघारी आणतो. माझ्यासाठी आईने डहाळी ठेवली होती. "कुठं बी जा, पण खिंडीला सांगून जा," एवढंच ती बोलली. वाडीतून नाशिकजवळच्या एकलहऱ्याला पोचायला मला तेव्हा एक पुरा दिवस लागला. सोमाकडं, आफ्रिकेतल्या केप टाऊनला, दीड दिवस लागला. म्हणजे फार फरक पडला नाही.

एकलहऱ्याच्या वीज केंद्रात मी तीस वर्षं काढली. केंद्र बांधत होते तेव्हा मजूर म्हणून लागलो, मग कोळशाच्या वाघिणी रिकाम्या केल्या आणि मुकादम होऊन बाहेर पडलो. १९९६ला मी रिटायर व्हायच्या आधी साहेबांच्या केबिनबाहेर सहा दिवस उभा राहिलो. आयुष्यात कोणापुढं हात पसरला नव्हता, तो पोरासाठी पसरला. सोमा आयटीआय झालेला. साहेबांनी त्याला अप्रेंटिस म्हणून घेतलं. आणि हा पठ्ठ्या चार महिन्यांत ते सोडून द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये गेला, आणि तिथून त्याच धंद्यातल्या कोणाच्या तरी ओळखीने थेट आफ्रिकेला निघाला. मी म्हणालो, "माझी मान खाली घातलीस. आजपासून माझ्याशी बोलायचं काम नाय."

आता बाप रागात बोलतो. पोराने ते मनावर घ्यायचं नसतं. पण रक्त माझंच. त्याने शब्दशः धरलं. निघाला त्या सकाळी आईच्या पाया पडला, माझ्या पाया पडला, आणि आईला म्हणाला, "त्यांना सांग, येतो मी."

मी सायकलची चेन बसवत होतो. चेन निघालेली नव्हती.

मग आठ वर्षं असंच. रविवारी त्याचा फोन यायचा. ही रिसीव्हर धरून उभी, मी शेजारी खाटेवर. "विचार त्याला, थंडी हाय का तिकडं." ही विचारायची. पलीकडून आवाज मला ऐकू येतच असे, तरी ही परत सांगायची, "म्हणतोय, आहे म्हणून." "त्याला म्हणावं, कानटोपी घाल." एकदा ही वैतागून म्हणाली, "तुम्हा दोघांचा पोस्टमन करून ठेवलाय माझा. मी मेले तर पत्रं टाका एकमेकांना."

२००३च्या दिवाळीनंतर ती गेली. सोमा आला, दिवस केले, समोर बसला. आम्ही काशिनाथमार्फत बोललो. डोळे मिटण्याआधी हिने मला बजावलं होतं, "एकदा त्याच्या घरी जाऊन जेवून या. एवढं करा." म्हणून मी गेलो. स्वतःहून गेलो नाही, हे लिहून ठेवतो.

केप टाऊनला सूनबाई दारात उभी. वर्षा तिचं नाव, निफाडची पोरगी, जिभेला धार. पहिल्या दिवसापासून तिच्यावर माझ्या बायकोचं काम आलं. जेवताना मी म्हणायचो, "सूनबाई, त्याला विचार, ह्या इकडच्या द्राक्षांना पाणी कुठून आणतात." सोमा घास गिळून म्हणायचा, "वर्षा, बाबांना सांग, डोंगरावरून येतं." मधे ती, हातात पोळीचं ताट. दहा दिवस तिने काढले.

आणि डोंगर होताच, खिडकीतून दिसायचा. शहराच्या मागे सरळ भिंतीसारखा उभा आणि वर पाटासारखा सपाट. मी पहिल्यांदा बघितला तेव्हा वाटलं, आपल्या अंजनेरीचं पठार कोणीतरी उचलून समुद्राच्या काठाला आणून ठेवलंय. त्यांच्याकडं तो सगळा डोंगर राष्ट्रीय उद्यान आहे. दुपारी वारा सुटला की त्याच्या माथ्यावरून ढग खाली उतरायचा, दूध उतू जावं तसा. मी गॅलरीत खुर्ची टाकून तासन्‌तास बघत बसायचो. ब्रह्मगिरीवरून असाच ढग उतरायचा आणि आई म्हणायची, "आता नागलीला पाणी मिळालं." इथं त्या ढगाखाली बंगले होते.

अकराव्या दिवशी रविवार. सोमा म्हणाला, "वर्षा, बाबांना सांग, आज रोपवेने वर जाऊ." मी म्हणालो, "सूनबाई, त्याला सांग, पाय धड असताना मी पाळण्यात बसून डोंगरावर जाणार नाय. चालत जाईन." सोमा म्हणाला, "सांग त्यांना, तीन तासांची चढण आहे." मी म्हणालो, "त्याला म्हणावं, तू दमलास तर वाटेत बस."

वर्षाने ताट खाली ठेवलं. "बाबा, तुम्ही दोघं चालत या. मी पाळण्याने जाते आणि वर वाट बघते. माझी जीभ झिजली आता."

पायथ्याशी आम्हाला सोडून ती निघूनही गेली.

आता बघा. पुढं दगडी पायऱ्यांची वाट, घळीतून वर जाणारी. खाली निळा समुद्र, त्यात बोटी मुंग्यांएवढ्या. वाटेवर अनोळखी माणसं, आणि आम्ही दोघं बापलेक. मधे कोणी नाही. अर्धा तास गुपचूप चढलो. मग मी डोंगराकडं बघून म्हणालो, "कोणाला पाणी पायजे असंल तर बाटली इथं हाय." मागून हात आला, बाटली गेली, परत आली.

थोड्या वेळाने एका खडकावर एक जनावर बसलेलं दिसलं. घुशीएवढं, पण शेपूटच नाही. माणसाला भीत नव्हतं. सोमा त्याच्यासमोर उभा राहिला आणि त्याला म्हणाला, "त्यांना सांग, पुढच्या पायऱ्या ओल्या आहेत. जपून." मी त्या जनावराला म्हणालो, "त्याला सांग, ब्रह्मगिरी मी अनवाणी चढलोय, वर डोक्यावर मोळी घेऊन." जनावर आमच्या दोघांकडं बघून खडकामागं पळालं. त्यालाही हे काम जमलं नाही.

वर वर घळ अरुंद होत गेली. दोन्ही बाजूंना कडे, आणि मधून आभाळाची एक फट. मी थांबलो. ती खिंड होती. आमच्या वाडीची नव्हे, पण खिंड ती खिंडच. माझ्या पायांनी मला थांबवलं, डोक्याने नव्हे. वाटेलगत एक झुडूप होतं, जाड राखाडी पानांचं, टोकाला गुलाबी बोंड. मी एक डहाळी मोडली आणि एका दगडावर ठेवली. हात जोडले.

मागून बाईचा आवाज आला. खाकी कपडे, कमरेला वायरलेस, काळीसावळी, माझ्या सुनेच्या वयाची. तिथली रेंजर. ती डहाळीकडं बोट दाखवून इंग्रजीत कडक बोलली. मला शब्द कळले नाहीत, पण जंगलखात्याचा आवाज जगात सगळीकडं सारखाच असतो. लहानपणी आईच्या डोक्यावरून मोळी उतरवून घेणाऱ्या गार्डचा हाच आवाज होता.

मला वाटलं, आता सोमा सांगणार. माझे वडील अडाणी आहेत, खेड्यातले आहेत, त्यांना कळत नाही. केप टाऊनच्या विमानतळावर तो तिथल्या साहेबाला असंच काहीतरी बोलला होता, मला सुरावरून कळलं होतं. मी मान ताठ केली आणि वाट बघितली.

सोमा पुढं आला आणि म्हणाला, "माय मिस्टेक. आय ब्रोक इट."

हे इंग्रजी मला येतं. तीस वर्षं प्लांटमध्ये काही बिघडलं की साहेब विचारायचे कोणी ब्रेक केलं, आणि सगळे खाली बघायचे. रेंजरने वही काढली, सोमाचं नाव विचारून लिहिलं. आणि माझ्या आत काय पेटलं ठाऊक नाही. माझी चूक कोणी आपल्या नावावर लिहून घ्यायची? आणि तीही ह्याने?

"गप बस, सोमा!" मी ओरडलो. "मी मोडली. माझं नाव सांग तिला."

"तुम्ही गप बसा, बाबा! तुम्हाला त्रास देतील."

"देऊ दे. मी काय चोर हाय का?"

"मग मी चोर आहे का?"

"तू खोटं बोलतोस!"

"कोणाचं पोर आहे मी?"

येणारे जाणारे थांबले. बाई पेन उघडं धरून एकदा ह्याच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत होती. आठ वर्षांनी आम्ही एकमेकांशी बोललो ते असं, परक्या मुलखात, पोलिसासारख्या बाईसमोर, भांडायला.

मग तिने विचारलं, डहाळी का मोडली. सोमाने तिला सांगितलं, बराच वेळ सांगितलं. ती ऐकत राहिली. मग तिने उलट मला विचारलं आणि सोमाने ते मराठीत केलं, "ती विचारतेय, तुमच्या खिंडीतून दिवसाला किती माणसं जातात?"

मी म्हणालो, "पाच. बाजाराच्या दिवशी वीस."

तिने खाली वाटेकडं हात केला. रंगीत टोप्यांची रांग खालपर्यंत लागली होती. एवढ्यांनी एकेक डहाळी मोडली तर? आयुष्यभर मी जंगलवाल्यांना शिव्या घातल्या. त्या दिवशी पहिल्यांदा हात जोडले. मी तिला म्हणालो, "सॉरी, मॅडम." तिने वहीत माझंच नाव लिहिलं. सोमाचं खोडलं. ताकीद दिली आणि गेली. डहाळी तिने तिथंच राहू दिली.

आम्ही एका खडकावर बसलो. सोमा दगडाकडं बघत म्हणाला, "मी गेलो त्या दिवशी तुम्ही एसटीने वाडीला गेला होता. खिंडीत माझ्या नावाने डहाळी ठेवून आलात."

"तुला कोणी सांगितलं?"

"आईने. तिला काकांनी."

"काशिनाथच्या तोंडात तीळ भिजत नाय."

"आठ वर्षं वाट बघितली मी, तुम्ही सांगाल म्हणून."

मी म्हणालो, "आणि मी वाट बघत होतो, तू विचारशील म्हणून." मग मी पाण्याची बाटली त्याच्या हातात दिली. वारा सुटला होता.

पण माणसाची खोड एका दिवसात जात नाही. वर पठारावर पोचलो, वर्षा बाकावर बसलेली दिसली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "सूनबाई, त्याला विचार, भूक लागली का." आणि तोही म्हणाला, "वर्षा, बाबांना सांग, लागली." वर्षाने कपाळावर हात मारला. येताना तिघंही पाळण्यातून उतरलो. संध्याकाळी जेवताना सगळं तिच्याच मार्फत. मी अंथरुणावर पडलो आणि मला भीती वाटली की डोंगरावर जे झालं ते डोंगरावरच राहिलं.

तिकडं मी तीन महिने राहिलो आणि परत आलो. मला लोक विचारतात, तिकडं करमलं का, इकडं करमतं का. वाडीत गेलो की मला नाशिकरोडचा नळ आठवतो. नाशिकरोडला असलो की तो सपाट डोंगर आठवतो. तिकडं होतो तेव्हा वाडी आठवायची. पूर्वी मला वाटायचं, घर म्हणजे जिथं आपली चूल. हिच्याबरोबर ती चूल विझली. आता मला वाटतं, जिथं बसून मी सोमाला "अरे" म्हणू शकतो, आणि तो तिकडून ओ देतो, तेवढं घर मला बास आहे. मग ती खोली कुठल्याही देशात असो. रविवारी फोन वाजला की आता रिसीव्हर मी उचलतो. दुसरं उचलणार कोण?

तर तो डोंगर चढल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. मी जागा झालो आणि उठायला गेलो, तर पाय उठेनात. पोटऱ्या लाकडासारख्या झालेल्या, मांड्या धरलेल्या. ब्रह्मगिरी अनवाणी चढणारा मी, खाटेच्या कडेला हात टेकून नुसता बसलो. भिंतीपलीकडं दोघांची हालचाल ऐकू येत होती. आयुष्यात मी स्वतःसाठी कोणाला हात दे म्हणालो नव्हतो. मी घसा खाकरला.

"सोमा! अरे ए सोमा!"

वर्षा धावत दारात आली. "काय हवंय, बाबा?"

"तू नको," मी म्हणालो. "त्याला बोलावतोय. सोमा, पाय धरलेत रे माझे. ये इकडं, उठव मला."