मागच्या बाकावर जागा आहे

ऑस्ट्रेलियातल्या मूळ रहिवाशांचा इतिहास हा माझा आयुष्यभराचा विषय. वसईच्या बाईला काय करायचंय त्यांचं, असं बहारीनमधल्या मुहर्रकच्या आमच्या शाळेत सगळे विचारायचे. एकदा ‘गोऱ्यांनी हा देश शोधला’ हे पुस्तकातलं वाक्य मी मुलांना सरळ खोडायला लावलं. आजही ऑस्ट्रेलियाला सातासमुद्रापलीकडचा राजा कशाला, प्रजासत्ताक हवं, हेही ठणकावून सांगितलं. तक्रार झाली. ‘खलास, गेली तुझी नोकरी,’ मैत्रीण म्हणाली.

भर तासाला मुख्याध्यापक आले. दारावर टकटक करून म्हणाले, ‘‘मॅडम, आत येऊ का?’’

मी मुलांकडे वळले. ‘‘बघा, आत माणसं आहेत म्हणून सरांनी विचारलं. त्या देशातही माणसंच होती. गोऱ्यांनी कुणाला विचारलं?’’

मग सरांना म्हटलं, ‘‘या, मागच्या बाकावर जागा आहे.’’