विमलताईची शीट वाकली नाही

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी गोंदियाजवळच्या गोरेगावच्या बाजारात वांगी निवडत होते. कुडव्याहून ताईची शेजारीण बोलत होती, "ताईच्या छातीत दुखलं वं, दवाखान्यात नेईपर्यंत सरलं सारं." अशा वेळी पायाखालची जमीन सरकते म्हणतात, डोळ्यांपुढे अंधारी येते म्हणतात. मी खोटं कशाला सांगू... माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की तो अजून जिवंत आहे आणि ही गेली. रडू नंतर आलं, एसटीत बसल्यावर, आणि त्यातलंही निम्मं रागाचं होतं.

"तो" म्हणजे गोंदियाच्या बाजारातला एक हार्डवेअरचा व्यापारी. त्याचं नाव लिहिणार नाही. आपण त्याला नुसतं शेट म्हणू. ताईवर लिहिणार म्हटल्यावर घरच्यांनी मला बजावलं, गोड लिहा, गेलेल्या माणसाबद्दल गोडच लिहावं. ताईबद्दल मी गोडच लिहीन. शेट काही गेलेला नाही, त्यामुळे त्याला ती सवलत नाही.

विमलताई माझी सख्खी मोठी बहीण. लग्न झालं, नवऱ्याशी पटलं नाही, तर एक दिवस पेटी उचलून कुडव्याला बाबांकडे परत आली आणि "मी आता काहीतरी करतो" म्हणाली. आमच्याकडे बायाही करतो, जातोच म्हणतात. गोंदिया जिल्हा तेव्हा नुकताच भंडाऱ्यापासून वेगळा झाला होता, जो तो काहीतरी नवीन करायच्या गोष्टी बोलत होता, पण ताईने जे काढलं ते ऐकून सारा मोहल्ला हसला. फुटक्या बादल्या, टब, तेलाचे डबे, शाम्पूच्या बाटल्या, हे सगळं वितळवून त्याची शीट करायची. दार करता येईल, टेबल करता येईल, सडणार नाही, वाळवी लागणार नाही. घरामागे टिनाचं शेड घातलं. बंद पडलेल्या बेकरीची भट्टी आणली, ती धानाच्या भुशावर चालायची, आणि राइस मिलच्या गावात भुशाला काय तोटा! लोखंडाच्या दोन जाड पाट्या आणि वरून आवळायचा स्क्रू, एवढाच तिचा प्रेस. मी तेव्हा दोन घरं सोडून नांदत होते, त्यामुळे माझा अर्धा दिवस त्या शेडमध्येच जायचा.

या कामात खरी मेहनत वितळवण्याची नाही, निवडण्याची. सगळं प्लास्टिक दिसायला सारखं, पण जात वेगळी असली की एकत्र वितळत नाही, शीटमध्ये गुठळ्या राहतात. ताई प्रत्येक संशयित तुकड्याची कड काडीने जाळून वास घ्यायची. मेणबत्तीसारखा वास आला तर आपला, डोळ्याला झोंबला तर बाहेर. मग धुणं, वाळवणं, बारीक तुकडे करणं, आणि पाट्यांमध्ये पसरून भट्टीत. निवडायला बाबा बसायचे. त्यांनी उभी हयात उसन्या, म्हणजे उकड्या तांदळाच्या मिलमध्ये हमाली केली, गुडघे गेले म्हणून घरी बसले. टोपण एका बाजूला, बाटली दुसऱ्या बाजूला, आणि तोंडाने अखंड बडबड. तयार शीट ते बोटाच्या पेराने वाजवून बघायचे आणि म्हणायचे, "बोलते वं, पोरी, बोलते."

पहिल्या वर्षी शेटने शीट मागवल्या. नागपूरचा कोणी मोठा गिऱ्हाईक येणार होता, त्याला दाखवायच्या होत्या. आणि शेटची एकच घाई, उद्या सकाळीच पाहिजे. आता गोष्ट अशी, की भट्टीतून काढलेली शीट प्रेसमध्ये आपोआप, सावकाश थंड व्हावी लागते. तिथे घाई चालत नाही. ताईने मधे पत्रे घालून सगळ्या शीट एकदमच प्रेसमध्ये आवळल्या आणि ती माल न्यायला ठेला सांगायला गेली. बाबा एकटे शेडमध्ये. त्यांनी काय करावं? मिलमध्ये गरम भांड्यावर पाणी मारून मारून त्यांची जिंदगी गेलेली. पोरीचा माल वेळेवर पोहोचावा म्हणून त्या माणसाने दुखऱ्या गुडघ्यांनी विहिरीवरून घागरी आणल्या आणि त्या तापल्या पाट्यांवर ओतल्या. ताई आली तर शीट मोकळ्या, दिसायला सपाट, आणि बाबा खूश. ताईला शंका आली होती, पण बाबांच्या तोंडाकडे बघून ती काही बोलली नाही.

सकाळी ठेल्यावर माल घेऊन आम्ही तिघं शेटच्या दुकानासमोर. आम्हाला तो कधी आत बसवत नसे. काऊन बसवत नसे, ते आमच्या भागात कोणाला सांगावं लागत नाही. शीट बाहेर भिंतीला उन्हात लावून ठेवल्या आणि गिऱ्हाइकाची वाट बघत उभे राहिलो. थोड्या वेळात एकेक कोपरा उठायला लागला. बघता बघता सगळ्या शीट वर वळल्या. शेट बाहेर आला, बघितलं, आणि इतका हसला की शेजारच्या दुकानांतली माणसं बाहेर आली. "देखो भाई, देखो! कुडवा से पापड़ तल के लाए हैं!" ताई म्हणाली, "शेटजी, एक दिवस द्या, दुसऱ्या आणून देतो." बाबा पुढे झाले. हात जोडून म्हणाले, "माही चूक हाय, शेटजी. पानी मीच टाकलो. पोरीची काही चूक नाही." शेट म्हणाला, "अरे बाबा, कूड़े से कूड़ा ही निकलेगा ना! और कूड़ेवालों से क्या निकलेगा?" आणि हमालांना सांगून सगळ्या शीट समोरच्या नालीत फेकायला लावल्या.

बाबा नालीत उतरले. माल वाया जाऊ नये, परत तुकडे करून वितळवता येतो, एवढाच त्यांचा हिशोब. धोतर वर खोचून, गुडघ्याएवढ्या काळ्या पाण्यात वाकून ते एकेक शीट काढत होते आणि वर पन्नास माणसं हसत होती. एक जण म्हणाला, "बाबा, एखादा पापड आम्हाले बी द्या!" मी उतरायला गेले तर ताईने माझा दंड धरला. ती स्वतः उतरली. बापलेकीने सगळ्या शीट काढल्या, ठेल्यावर लादल्या. कुडव्यापर्यंत ताई ठेला मागून ढकलत आली. शेडमध्ये पोहोचल्यावर म्हणाली, "याले मी सोडत नाही."

त्या दिवसापासून बाबा "पापडवाले" झाले. पोरं ओरडायची, पापडवाले बाबा, एक पापड द्या. दाढी करणारा म्हणायचा, या पापडवाले. ज्या माणसाने चाळीस-चाळीस वर्षं लोकांची पोती वाहिली, पण कोणाचा एक दाणा उचलला नाही, त्याला गाव नावाने ओळखेनासं झालं. ते हसून घ्यायचे. पण शेडमध्ये बडबड थांबली, शीट वाजवून बघणं थांबलं. दोन-तीन पावसाळ्यांनी गेले. अंत्ययात्रेत मागून कोणीतरी विचारलं, "कोन गेलं गा?" आणि उत्तर आलं, "तो नाही का, पापडवाला." हे ताईने ऐकलं. मीही ऐकलं. शेटचं दुकान त्या दिवशीही उघडंच होतं.

विहारात भंतेजींनी तिला समजावलं होतं, मनात राग ठेवू नये, त्याने आपणच जळतो. ताईने तीन वेळा वाकून वंदन केलं आणि म्हणाली, "सोडीन, भंतेजी. पहिले फेडून घेतो, मंग सोडतो." मीसुद्धा तेव्हा हसले होते. पण ती गंमत करत नव्हती.

पुढची वर्षं तिने काम केलं की सूड उगवला, मला आजही वेगळं करून सांगता येत नाही. शेडमध्ये पाण्याची घागर बंद. प्यायचं पाणीसुद्धा बाहेर आंब्याखाली. प्रेसवर गोणपाट घालून ठेवायची आणि कोणाला हात लावू द्यायची नाही. कोणी घाई केली की म्हणायची, "घाई हाय त पापड घ्या न, बजारात भेटते." माझ्या मुलीच्या लग्नात पंगतीला पापड नव्हता. व्याही विचार विचार विचारत राहिले, मी काय सांगणार, कप्पाळ! आणि शीट... बाप्पा, काय शीट निघायच्या! काचेसारख्या गुळगुळीत, कुठे बुडबुडा नाही, गुठळी नाही. नवी शीट ती मुद्दाम दिवसभर उन्हात ठेवायची आणि समोर बाज टाकून बसायची. कोपरा केसभर उठला तरी मोडून परत भट्टीत. बोदलकशाच्या तलावावरच्या ढिवरांनी मासे कापायला पाट नेले, ते अजून तसेच आहेत. गोरेगावच्या चहावाल्यांनी टेबलं केली, कुडव्यात न्हाणीघरांना दारं लागली. यातलं प्रत्येक गिऱ्हाईक आधी शेटकडून प्लायवूड न्यायचं. एक एक तुटलं की ताई त्या दिवशी घरी गोडाचं करायची. हलवा खायला बोलावलं की मी समजायचे, शेटचं आणखी एक गिऱ्हाईक गेलं.

मग एक दिवस इस्माइल मिस्त्री आला. आमच्याकडून नेहमी माल नेणारा सुतार, बोलायला कमी, हाताला पक्का. शेटच्या दुकानाचा सागवानी काउंटर वाळवीने खाल्ला होता. नवीन बसवायचं काम मिस्त्रीकडे आलं आणि शेटने ताकीद दिली होती, माल बाहेरचा पाहिजे, लोकल चालणार नाही. मिस्त्रीने पिशवीतून ताईच्या शीटचा तुकडा काढून दाखवला. शेटने पेराने वाजवून पाहिला आणि म्हणाला, "ये हुआ ना माल! कहाँ का है?" मिस्त्री म्हणाला, "बाहर का है, सेठजी." कुडवा गोंदियाच्या बाहेरच आहे, त्यात त्याने खोटं काय सांगितलं?

ताईने हे त्याच्याकडून चार वेळा वदवून घेतलं. "वाजवून पाहिलं? कसं वाजवलं? मंग का म्हनला?" बाबा गेल्यापासून मी तिला इतकं हसताना पाहिलं नव्हतं, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. दुसऱ्या दिवशीपासून तिने पांढरं प्लास्टिक निवडायला घेतलं, पिवळट तुकडासुद्धा चालेना. आणि एका लाल बादलीतून करवतीने अक्षरं कापली. बाबांचं नाव. ती अक्षरं तिने खालच्या पाटीवर उलटी मांडली, कारण शीट काढल्यावर ती सुलटी दिसतात, आणि वरून पांढरा माल पसरला. मी म्हटलं, "ताई, शेटला कळलं त?" ती म्हणाली, "कळालेच पायजे. पन आत्ता नाही." मिस्त्रीने काउंटर बसवला, नाव खालच्या बाजूला, शेटच्या मांडीच्या बरोबर वर. त्यालाही सगळं माहीत होतं. त्याने ताईकडून मजुरीत एक कप चहा घेतला.

त्यानंतर ताई महिन्या-दोन महिन्यांनी चांगलं पातळ नेसून शेटच्या दुकानात जायची. स्क्रू घ्यायची, नाहीतर बिजागरी. शेट ओळखायचा तिला. "क्या पापड़वाली, क्या चाहिए?" ताई काउंटरवर तळवा ठेवून उभी राहायची, सावकाश स्क्रू मोजून घ्यायची आणि घरी येऊन मला सांगायची, "बाबा मस्त बसले हायेत त्याच्या मांडीवर. मले म्हने, जा पोरी, मी हाव इथं." शेट तर येणाऱ्या-जाणाऱ्याला काउंटर थोपटून दाखवायचा. इतकी वर्षं झाली, एक चरा नाही.

मला मात्र धीर धरवत नव्हता. मी म्हणायचे, चल, आत्ता जाऊन भर बाजारात सांगू, उलटा करून दाखवू. ती म्हणायची, "थंड होऊ दे. आत्ता सांगितलं त काढून फेकन आन मिस्त्रीले बजारात काम नाही भेटन. शेटचा पोरगा गादीवर बसू दे, मिस्त्रीचे हात मोकळे होऊ दे, मंग मी सोता जातो." ती हेच धरून बसली आणि तिकडे तिचं हृदय थांबलं. तिची बहीण म्हणून सांगते, हे मला तिचं पटलं नाही. इतकं थंड होऊ द्यायचं नसतं गं ताई...

तेराव्या दिवसाच्या आसपास मिस्त्री भेटायला आला. त्याचा एक मुलगा नागपूरला नोकरीला लागला आहे, आता तोही तिकडेच चालला. शेडमध्ये जाऊन त्याने प्रेसवरचं गोणपाट सारखं केलं. मग म्हणाला, परवा शेटच्या दुकानात गेलो होतो, ताई गेल्याचं सांगितलं. मी विचारलं, काय म्हणाला? मिस्त्री खाली बघत म्हणाला, "म्हनला, कौन, वो पापड़वाली? गई क्या?" आणि गिऱ्हाइकाला सुट्टे देत राहिला. मी मिस्त्रीला म्हटलं, भाऊ, मी आता हे लिहून टाकते. तो म्हणाला, "लिहा बाई. मले आता कोनाची भीती हाय!"

तर लिहिलं. शेटजी, तुमच्या दुकानात दर रविवारी पेपरची ही पुरवणी येते, तुमचा मुलगा वाचून दाखवतो, हे मला माहीत आहे. तुम्ही आत्ताही काउंटरवर कोपर टेकूनच ऐकत असाल. हात जरा काउंटरच्या खाली घाला, मांडीच्या वर चाचपा. बोटांना काही लागणार नाही, ताईचं काम इतकं सपाट आहे. मुलाला खाली उतरवून बॅटरी मारायला सांगा. लाल अक्षरं दिसतील. खरवडून बघा, निघत नाहीत, ती वर चिकटवलेली नाहीत, शीटमध्येच एकजीव झाली आहेत. काढून फेकायचा असेल तर खुशाल फेका, समोर नाली आहेच. पण त्याआधी ते नाव वाचा, मोठ्याने वाचा, तुमच्या मुलासमोर आणि दुकानात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकांसमोर. आमच्या बापाचं नाव तुळशीराम होतं.