टाकीच्या दिव्यांपुढे अण्णा

आमच्या घरात अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, एकच फोटो आहे. तो मी काढलाय हे पाहुण्यांना सांगायची मला अजून हिंमत होत नाही.

पिंपरीला तेव्हा औषधांचा कारखाना नवाच उभा राहिला होता. आम्ही साताऱ्याकडचे. अण्णा बॉयलरवर रात्रपाळी करायचे. मी तिथेच कारकून, आणि स्वतःच्या मते कलावंत. दसऱ्याला पाण्याच्या उंच टाकीवर आणि फाटकावर विजेच्या माळा सोडल्या, तेव्हा भोसरीहून माणसं बैलगाड्या जुंपून बघायला आली.

अण्णांना फोटोचा तिटकारा. "मेल्याव लावत्यात फोटू भिताडाला. मी जिता हाय की," म्हणायचे. त्याच पावसाळ्यात पुण्याच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की त्यांच्या छातीचं काही खरं नाही. मी घरी कुणालाच बोललो नव्हतो. मला फक्त त्यांचा चेहरा घरात राहायला हवा होता.

म्हणून कॅम्पातल्या फोटोवाल्याकडून कॅमेरा मागून आणला. तो म्हणाला, "रातचं काम आहे, भाऊ. मिनिटभर कॅमेऱ्याचा डोळा उघडा ठेव. हलला तो गेला." मी जाणकारासारखी मान डोलावली.

अण्णांना म्हटलं, "टाकीचा फोटो घेतोय. अंतराचा अंदाज यायला फाटकापाशी जरा उभे राहता?"

"म्या खांब हाय व्हय?" म्हणत ते डबा घेऊन उभे राहिले. कळलं असावं त्यांना.

कॅमेरा पालथ्या पिंपावर ठेवला. घड्याळ नव्हतं, म्हणून तेवीसचा पाढा सावकाश दोनदा म्हणायचा ठरवला. पहिल्याच फेरीत तेवीस पाचे पंधरोत्तरशेला पोचलो आणि पाळीचा भोंगा झाला. भोंगा झाला की अण्णांचे पाय आपोआप निघायचे. सुट्टीच्या दिवशी घरातसुद्धा ते दारापर्यंत जाऊन परत यायचे. ते निघाले. हाक मारायची सोडून मी पाढा पुरा केला. मध्ये बोललो तर मोजणी चुकेल, असं त्या घडीला मला खरोखर वाटलं.

फोटोत टाकी झकास आली. खाली अण्णा, चुलीवरच्या धुरासारखे. मिशा असाव्यात असं वाटावं इतपत मिशा. फाटकाच्या माळेतले तीन दिवे त्यांच्या छातीतून आरपार दिसत होते.

मी तो ट्रंकेत दडवला. अण्णांना सापडलाच. कंदिलापाशी धरून बराच वेळ बघत बसले.

"एवढाच ऱ्हायलो म्हन की," ते म्हणाले. मग हळूच, "डागतर काय बोलला ते ठावं हाय मला. तुझ्या आईला दावू नगंस ह्यो." आणि पाळीला गेले.

मार्गशीर्षात अण्णा गेले. तेराव्याला फोटो हवा म्हणून सगळे विचारू लागले. फोटोच नाही, असं मी तोंड वर करून सांगितलं. आईने तांदळाच्या डब्याखालून तो काढला.

"त्यांनीच दिला. तुला सांगू नको म्हणाले."

तिने छातीतल्या दिव्यांवर बोट ठेवलं. "निघाले होते, तर हाक मारायचीस ना रे. थांबले असते."

"भोंगा झाल्यावर कुठले थांबतात अण्णा," मी म्हणालो.

ती पदराने फोटो पुसत राहिली. ते थांबले असते, हे तिला माहीत होतं आणि मलाही.