चिकट हात

लेक बाळंतपणाला आमच्याकडे कर्वेनगरला येणार हे ठरलं, तेव्हा मी सगळ्यात आधी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. बोटांच्या पेरांवर चिरा, तळव्यांची सालं निघालेली आणि खाज तर अशी, की भाजी चिरता चिरता हात विळीच्या पाटाला घासावेत. असले खरखरीत हात तान्ह्या बाळाला लावायचे? नातवंडाला पायांवर घेऊन न्हाऊ घालायचं, हे माझं फार जुनं स्वप्न. लेकीला तर मी पहिल्याच फोनवर बजावलं होतं, "अंघोळीला बाई लावायची नाही. मी आहे."

इसब मला नवा नव्हता, पण मी त्याला कधी भीक घातली नव्हती. आता मात्र मुकाट्याने त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी चिरांसाठी एक मलम दिलं आणि वरून लावायला साधी, बिनवासाची पेट्रोलियम जेली. मी नियमाने लावत राहिले. फरक शून्य. पुढच्या खेपेला त्यांनी विचारलं, "लावता ना नक्की?" मला रागच आला. म्हटलं, "वाटल्यास आमच्या ह्यांना विचारा."

हे शेजारच्याच खुर्चीत होते. म्हणाले, "लावते की. लावते आणि लगेच धुते."

खोटं नव्हतं. मलमाने हात चिकट होणार. चिकट हातांनी कणीक कशी मळायची, समईला हात कसा लावायचा? म्हणून लावून झालं की मी भांड्यांच्या साबणाने हात खसाखसा धुवायची आणि वर लिंबाची साल चोळायची, म्हणजे मलमाचा वासही जातो. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे आजवर औषध बेसिनने घेतलं. बेसिनची तब्येत आता छान असेल." माझा चेहरा पडला आणि मग मलाच हसू फुटलं.

त्या दिवशी घरात नवे कायदे लागू झाले. भांडी बंद. पाण्यात हात घालायचाच असेल तर आत सुती मोजे आणि त्यावर रबरी. अंगठी कामाआधी काढून ठेवायची, कारण साबण तिच्याखालीच दडून बसतो. हात कोमट पाण्याने धुवायचे, नुसते टिपायचे, चोळायचे नाहीत, आणि ओलसर असतानाच मलम लावायचं. लिंबू फक्त वरणभातावर.

भांडी ह्यांच्याकडे गेली. बँकेतून निवृत्त झालेला माणूस. एकेक वाटी उजेडात धरून खोटी नोट तपासावी तशी तपासायचे. स्वयंपाकघर दुपारपर्यंत आवरायचं नाही आणि माझा जीव वरखाली व्हायचा. पण खरी शिक्षा होती चिकट हात घेऊन स्वस्थ बसण्याची. पांढरे मोजे घालून मी सोफ्यावर बसले की हे विचारायचे, "वाहतूक पोलिसात कधी रुजू होताय?"

समोरच्या फ्लॅटमधल्या काकू कडुनिंबाचा वाटलेला पाला घेऊन आल्या. "झोंबलं म्हणजे लागू पडतंय समजायचं," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "मग आधी तुम्ही लावून बघा." पाला परत गेला.

हळूहळू चिरा मिटल्या. लेक आली, तिने माझा हात उचलून स्वतःच्या गालावर फिरवला. "चालेल, आई," ती म्हणाली. मला इतका आनंद झाला, की मी तिला उगाचच रागावले, "उन्हातून आलीस, आधी पाणी पी."

नात झाली. घरी आणल्यावर पहिल्या अंघोळीच्या दिवशी काकू पुन्हा हजर, या वेळी वाटीत साय आणि डाळीचं पीठ. "चांगलं खसखसून चोळ, लव जाते."

"पीठ ठेवून जा काकू, संध्याकाळी भजी करू," मी म्हटलं. एवढ्याशा त्या कातडीवर पीठ घासलं तर काय होईल, ते माझ्या हातांना विचारा.

मी पाटावर बसून पाय पसरले. नात पायांवर पालथी. कोमट पाणी, हलका हात. आधी तिने भोकाड पसरलं, मग गप्प झाली. तिला टिपून घेतलं आणि बाळाच्या डॉक्टरांनी सांगितलेलं साधं क्रीम अंगभर लावलं. तेवढ्यात तिने माझं बोट मुठीत धरलं, ते सोडायलाच तयार नाही. माझे हात मनगटापर्यंत चिकट झाले होते.

हे दारात साबण आणि टॉवेल घेऊन उभेच. "धुवायचे असतील ना?"

"मुळीच नाही," मी म्हटलं, आणि माझे डोळे भरून आले. पुसायला हात मोकळा नव्हता. ह्यांनी वाकून टॉवेलच्या टोकाने माझे डोळे टिपले. टिपले, चोळले नाहीत.