आडनावांचा शौक

देवपुरात भाड्याची घरं दाखवणाऱ्या नानांना आडनावांचा शौक आहे. पाटील, महाजन ऐकलं की ते लगेच चावी काढतात. आडनाव अनोळखी असलं की खुर्ची जवळ ओढतात. परवा मी त्यांच्या ऑफिसात बसलो असताना भडगावची एक नर्स खोली बघायला आली. आडनाव दिवटे.

"मशाल धरणारे ते दिवटे. हाई आडनाव आपलाकडे कमीच शे," नाना कौतुकानं म्हणाले. "कुलदैवत कोणतं, ताई?"

"आमच्याकडे बुद्धवंदना असते, नाना."

"छान, छान."

त्यांनी तिला चहा पाजला. सकाळीच मला रिकामी म्हणून सांगितलेली खोली कालच गेल्याचं तिला हळहळून सांगितलं.

ती जिना उतरून गेली.

"घरमालकाचं ऐकावं लागतं, भाऊ," नाना म्हणाले.

मी काहीच विचारलं नव्हतं.